आक्कांनी गाळलेलं पान

निपाणीत आमच्या शेजारच्या आक्का चौघींसोबत विड्या वळतात. सुपाला मोबाईल टेकवून हिंदीत आलेली एक जपानी चित्रकथा भागाभागानं वाचतात आणि मराठीतून ऐकवतात. गाणारी टोकियोतली पोरगी त्यांच्या तोंडून म्हणते, "यं की रं लवकर!" पियानो वाजवणाऱ्या पोरावर तर चौघींचा फार जीव.

कुंपणाआडून ऐकून मलाही नाद लागला. मी पुढचे भाग वाचून बसलो.

परवा आक्का म्हणाल्या, "पोरगा परगावी गेलाय. येतोय."

माझी जीभ कसली गप्प बसते! "न्हाय ओ आक्का, त्याची बोटं बधिर झालीत. म्हणून सोडलं त्यानं तिला."

चौघींचे हात थांबले. एकीनं स्वतःचा अंगठा चोळून पाहिला. "बोटंच गेली तर करायचं काय गं?"

"ह्यांचं तोंड का न्हाय झालं बधिर?" दुसरी माझ्यावर खेकसली.

आक्कांनी बोट दुमडून, सांध्यानं मोबाईलवरचं पान पुढं सरकवलं. त्यांच्या बोटांच्या टोकांना काच कळतच नव्हती, हे मला तेव्हा दिसलं.

पुढचा भाग काल आलाय. तो उघडायची मला भीती वाटते.