तिचं लॉगिन
तापलेल्या कॉम्प्युटरमधल्या धुळीचा वास आला की मला कॉलेजच्या लायब्ररीतली ती दुपार आठवते. तिथले कॉम्प्युटर आणि वायफाय मी सांभाळायचो. पेठ वडगावहून येणारी पहिल्या वर्षाची एक मुलगी घामेजल्या बोटांनी कीबोर्ड बडवत होती. शिष्यवृत्तीच्या फॉर्मची मुदत पाचला संपणार होती, आणि चार वाजून गेले तरी वायफाय तिला आत घेत नव्हतं. "सर, पासवर्ड बरोबर हाय की," ती म्हणाली. मी सेटिंग पुसून पुन्हा टाकली, मशीन बदललं; पडद्यावर तेच, हे लॉगिन दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालू आहे. "दिला असशील मैत्रिणीला पासवर्ड!" मी सगळ्यांसमोर ओरडलो. "न्हाय ओ सर, आईशप्पत कुणाला दिला न्हाय." आजूबाजूची पोरं हसली. ती डोळे पुसत शाहूपुरीतल्या नेट कॅफेकडे पळाली. मी काउंटरवर परतलो, तर माझ्या मशीनवर मॅच चालू होती. स्टाफचं लॉगिन बंद होतं, म्हणून मॅच बघायला सकाळी विद्यार्थ्यांच्या यादीतला कुठलातरी रोल नंबर मी लॉगिनला टाकला होता. पहिल्या वर्षाच्या पोरांचा पासवर्ड जन्मतारीखच असायचा, आणि तीही यादीत होतीच. नंबर तिचाच निघाला. ती अजून जिन्यातच होती, हाक सहज ऐकू गेली असती. मी गुपचूप लॉगआउट केलं. दुसऱ्या दिवशी ती आली. कॅफेत गर्दी होती, फॉर्म राहिला होता. वर तीच म्हणाली, "सॉरी सर, काल तुमास्नी लई तरास दिला." तेव्हा तरी खरं बोलायचं, पण मी काय म्हणालो ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मी म्हणालो, "पासवर्ड बदलून घे. माणसं लई लबाड असतात."