घोघ्याहून आणलेली बैलजोडी

आमच्या रनाळ्यात तापीपेक्षा मोठं पाणी पाहिलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांत माझी आणि माझ्या काकांची भर पडली ती एका बैलजोडीपायी. गोष्ट लढाई सुरू होण्याच्या आधीच्या थंडीतली. काकांच्या घरी कशाची वाण नव्हती, पण जोडीतला एक बैल वर्षाच्या आत गेला आणि काकांची रयाच गेली. तो बैल बाजारातून घरी आणताना वाटेत कुणीतरी हौसेने त्याच्या गळ्यात घंटा बांधली होती. आमच्याकडची रीत अशी की घरच्या बाईने नव्या बैलाच्या खुरांवर पाणी घालायचं, कुंकू लावायचं आणि मग घंटा बांधायची. ती पहिल्यांदा वाजावी आपल्याच उंबरठ्यावर, नाहीतर बैल घराला लागत नाही. काकांनी हे मनाला फार लावून घेतलं होतं. या खेपेला कुठेही चूक होऊ द्यायची नाही, असं ठरवून ते नवी जोडी आणायला निघाले आणि सोबतीला मला घेतलं.

नंदुरबारला गाडीत बसलो. खांडबारा, नवापूर अशी डोंगरांतली स्टेशनं मागे टाकत संध्याकाळी सुरतेला उतरलो. तिथून खाडीपलीकडे, चांगल्या बैलांसाठी नावाजलेल्या मुलखात, घोघ्याला शिडाचा मछवा (लहान मालवाहू होडी) जात होता. त्याचा टंडेल, म्हणजे होडीचा मुख्य, जेठाभाई नावाचा उंच, सावकाश बोलणारा माणूस होता. हाताखाली एकच खलाशी.

समुद्र पाहून मला आधी हसू आलं आणि मग मी होडीची कड घट्ट धरली. रस्ता म्हणून काहीच नाही. जो तो आपल्या मर्जीने चाललेला. एक आगबोट धूर सोडत आली तेव्हा काकांनी टंडेलला विचारलं, "आठे रस्ता कोन सोडस?" (इथे वाट कोण सोडतो?)

आमची अहिराणी आणि त्याची गुजराती यांना एकमेकींची ओळख लागत होती. तो म्हणाला, "जेनाथी वळाय, ए वळे." (ज्याला वळता येईल, त्याने वळायचं.)

काका खूश झाले. गाडीवाटेवर दोन गाड्या समोरासमोर आल्या की रिकामी गाडी बाजूला होते आणि भरली गाडी पुढे जाते. तोच न्याय इथे निघाला. तेव्हापासून काका टंडेलला आपल्या जातगोतातला समजू लागले. मीही त्याच्याकडे पाहत राहिलो. कोळ्यांनी जाळ्यांसाठी समुद्रात खुंट रोवलेले असतात, भरतीच्या वेळी ते जेमतेम पाण्याखाली जातात. आम्हाला तिथे नुसतं पाणी दिसे. तो मात्र पाण्यावरची बारीकशी वळी पाहून सुकाणू फिरवी आणि मग खुंट बाजूने सरकून गेलेला कळे. मी त्याला मनोमन हात जोडले.

घोघ्याजवळच्या एका गावात काकांना हवी ती जोडी मिळाली. तांबूस रंग, फुगीर कपाळ, पानासारखे लोंबते कान. काका त्यांच्याभोवती नव्या नवरीच्या बापासारखे फिरत होते. तिथल्या कासाराकडून त्यांनी दोन पितळी घंटा घेतल्या, आत कापूस कोंबला आणि जुन्या पागोट्यात गच्च गुंडाळून काखेत धरल्या. बैल रेल्वेने न्यावेत असं मी सुचवून पाहिलं.

"मी त्यासले डब्बामा कोंडाव नही," काका म्हणाले. तो विषय तिथेच संपला.

ओहोटीला मछवा चिखलात पोट टेकून बसतो. टंडेलने चिखलावर पेंढा अंथरला, फळी लावली आणि बैल चढवले. भरती आली आणि मछवा बैलांसकट आपोआप वर उचलला गेला. हे पाहून मी इतका चकित झालो की काठावर राहिलेली माझी चप्पल मला आठवली ती अर्ध्या खाडीत. जेवणाला आमच्याजवळ कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. खलाशाने मातीच्या हंडीत डाळ शिजवली. आम्ही चटणी त्यांना दिली, त्यांनी डाळ आम्हाला. चटणी खाऊन खलाशाच्या डोळ्यांना जे पाणी आलं ते बराच वेळ थांबलं नाही.

तेवढ्यात धाकट्या बैलाने मान झटकली. डोलकाठीला शंख टांगलेला होता, त्याला शिंग लागलं आणि शंखाचे फळीवर आपटून तुकडे झाले. धुक्यात आपण कुठे आहोत हे दुसऱ्या गलबतांना कळावं म्हणून तो शंख फुंकायचा असतो, हे टंडेलने आम्हाला तेव्हा सांगितलं. रागावला मात्र नाही. बैलाची मान थोपटून त्याने तुकडे पाण्यात सोडले.

सकाळी तापीच्या मुखाशी पोचलो आणि धुकं उतरलं. कापसाच्या वखारीत कोंडल्यासारखं झालं. मला समोर बसलेले काका दिसेनात. भरती लागली होती, पण खुंटांच्या रांगेत आंधळेपणाने शिरायचं नाही म्हणून टंडेलने नांगर टाकलेला होता. मग दक्षिणेकडून दोरांची करकर आणि पाणी कापल्याचा आवाज येऊ लागला. कुठलंतरी मोठं गलबत भरतीबरोबर सरळ आमच्या अंगावर येत होतं.

टंडेल ओरडला, खलाशी ओरडला, मीही ओरडलो. पण धुक्यात माणसाचा आवाज विरून जातो. नांगर ओढून बाजूला व्हायला वेळ नव्हता. वाजवायला भांडं म्हणावं तर सगळी मातीची. तेव्हा टंडेल काकांजवळ आला आणि शांतपणे म्हणाला, "भाई, घंटडी आपो." (भाऊ, घंटा द्या.)

काकांनी गाठोडं छातीशी धरलं. मी चाचपडत त्यांच्याजवळ सरकलो. ते बैलांकडे पाहत होते. मला त्यांचा राग आला आणि त्याच क्षणी त्यांची कीवही आली.

"आपला उंबरठावर वाजाले जोयजे व्हती," ते पुटपुटले. मग त्यांनी पागोटं फाडूनच काढलं, कापूस उपसला आणि घंटा बैलांच्या गळ्यात बांधल्या. दुसऱ्याच्या हाती द्यायला ते तयार नव्हते. त्यांनी गाडी हाकताना करतात तसा जिभेचा आवाज केला. बैलांनी माना हलवल्या आणि घंटा खणखणल्या.

धुक्यातली पाण्याची आदळआपट चालूच राहिली. घंटा वाजत राहिल्या. मग एकाएकी पलीकडे गोंधळ उडाला, धावपळ ऐकू आली आणि जड नांगर धबकन पाण्यात पडला. करकर थांबली. एक काळी भिंत आमच्या नाकासमोर उभी राहिली, आणि वरून घाबरा आवाज आला.

"ए गाडावाळा, कयुं गाम?" (ए गाडीवाल्या, गाव कोणतं?)

बैलांच्या घंटा ऐकून त्यांना वाटलं होतं की किनारा आला, गाडीवाट लागली आणि आता गलबत जमिनीवर चढणार. म्हणून त्यांनी नांगर टाकला होता.

काकांना गाव विचारलं की काका गाव सांगतात. ते उभे राहून खणखणीत आवाजात म्हणाले, "रनाळे. तालुका नंदुरबार."

धुकं विरळ झालं तेव्हा मुंबईकडून कौलं भरून आलेल्या गलबताच्या कठड्यावरून सगळे खलाशी वाकून आमचे बैल पाहत होते. मग जे हसणं सुरू झालं ते दोन्हीकडे. फक्त काका हसले नाहीत. त्यांनी घंटा सोडल्या, पुन्हा कापूस भरला आणि काखेत मारल्या.

सुरतेहून पायी निघालो. नवापूरच्या डोंगरांत एका ख्रिस्ती शेतकऱ्याने आम्हाला ठेवून घेतलं. बैलांना चारा घातला, आमच्यासाठी तांदळाच्या भाकरी केल्या, आणि जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना केली तीत बैलांचंही नाव घेतलं. सकाळी निरोप देताना त्याने विचारलं, "बैल इतके देखणे आणि मुके का चालले?" काकांनी काखेतलं गाठोडं आणखी आवळून धरलं. पुढचा सारा रस्ता ते बैलांच्या चालीकडे बघत आले.

रनाळ्याला पोचलो तेव्हा काकी तांब्या, कुंकू आणि भाकरी घेऊन दारात उभी होती. गल्ली जमली होती. काका उंबरठ्यापासून दूरच थांबले.

"पानी टाकू नको," ते म्हणाले. "घंटी वाजी गयी. दर्यामा."

आणि तिथेच उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं, फुटलेल्या शंखापासून वरून आलेल्या त्या प्रश्नापर्यंत. काही लपवलं नाही. काकीने ऐकून घेतलं आणि विचारलं,

"मंग तुम्ही काय सांगं त्यासले?"

"रनाळे."

"तुम्हीच सांगं ना, रनाळे म्हनीसन? मंग घंटी रनाळामाच वाजनी."

एवढं बोलून ती पुढे आली. बैलांनी माना खाली घातल्या होत्या, पण तांब्यातलं पहिलं पाणी तिने काकांच्या पायांवर घातलं.