स्टुटगार्टची मुकी शाबासकी

फ्रँकफर्टहून निघालेली गाडी स्टुटगार्टला पोचली तेव्हा मला आधी डोंगर दिसले आणि मग शहर. वाटीच्या तळाशी आमटी असावी तसं गाव खाली बसलंय आणि घरं काठावर चढलीयेत. भर शहरात चढावर द्राक्षाचे मळे. आम्ही तासगावची द्राक्षं बघत वाढलेले, म्हणून मी नाक मुरडून म्हणाले, "मांडव नाही, नुसत्या काठ्या." निखिल म्हणाला, "आई, अजून स्टेशनाबाहेरही आलो नाहीये." निखिल हा माझा मुलगा, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत कंत्राटावर इंजिनियर. ह्यांच्या गुडघ्यांनी असहकार पुकारल्यामुळे सांगलीहून मी एकटीच आले होते, सोबत शेंगदाण्याच्या चटणीचे डबे घेऊन.

दोन दिवसांनी सकाळी दाराला एक लाकडी पाटी लटकलेली दिसली. म्हणजे आपली 'केरवोख' आली (बिऱ्हाडांनी आठवडा वाटून घेऊन जिना झाडायची पाळी). नावातच केर, त्यामुळे मला लगेच पाठ झालं. "तू राहू दे, शनिवारी मी करतो," असं सांगून निखिल ऑफिसला गेला. मी कसली ऐकते! बादली घेतली, फडकं घेतलं आणि उकिडवं बसून वरपासून खालपर्यंत जिना पुसून काढला. मालकीणबाई आल्या, कठड्यावरून बोट फिरवलं, बोट निरखलं आणि अक्षर न बोलता निघून गेल्या. माझा पाराच चढला.

संध्याकाळी निखिल हसायला लागला. "काही बोलल्या नाहीत ना? गेनाऊ (अगदी बरोबर)! म्हणजे पसंत पडलं. इथली म्हणच आहे, शिव्या दिल्या नाहीत म्हणजे कौतुक झालं."

"म्हणजे हे माझ्या सासूबाईंचं माहेर म्हण की," मी म्हणाले. सासूबाई तीन पुरणपोळ्या खाऊन फक्त "आज फाटली नाही" एवढंच म्हणायच्या.

जिना पुसतानाच योआनाची ओळख झाली होती. शेजारच्या खोलीत राहणारी ही रोमानियाची मुलगी, यंत्र अभियांत्रिकी शिकायला आलेली. ओल्या पायऱ्यांवर पाय नको म्हणून बूट हातात घेऊन उभी होती. मला मुलगी तिथेच आवडली. चहाला बोलावलं. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे छान जमलं. तिने एक बरणी आणली. त्यात झाकुस्का (भाजलेली वांगी आणि लाल मिरच्या तेलात आटवून केलेलं तोंडीलावणं) होतं. आपलं भरीतच, फक्त मिरची बिनतिखट. "आई घरून बसने पाठवते," ती म्हणाली.

मग हळूहळू बोलली. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प ती एका पंप बनवणाऱ्या कंपनीत करत होती. त्यांनी ठेवून घेतलं तर इथे राहता येणार. रोमानिया नुकताच युरोपीय संघात आला होता, पण नोकरीचा परवाना अजून लागायचा आणि तो कंपनीने मागितला तरच मिळायचा. नाहीतर तिच्या गावच्या नव्या कारखान्यात जागा होती. पगार फारच कमी, शिवाय पंपांशी काही संबंध नाही. त्या कारखान्याला शुक्रवारपर्यंत उत्तर हवं होतं. आईने तर तिची खोली रंगवूनही ठेवली होती.

"साहेब काय म्हणतात?"

"काहीच नाही. मी आराखडा दाखवते, ते बघतात, 'पास्ट' (चालेल) म्हणतात आणि जातात. आमच्याकडे काम आवडलं तर सर मिठी मारतात. माझं काम त्यांना आवडत नाही, आंटी. उद्या घरी हो कळवते."

"कुणाचं काम आवडलं नाही तर काय करतात?"

"माझ्या शेजारच्या मुलाला सगळ्यांसमोर झापलं."

"आणि तुला?"

मी तिला मालकीणबाईंचं बोट आणि सासूबाईंची पुरणपोळी, दोन्ही सांगितलं. "अगं, रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. आधी विचार, मग काय ते कळव."

गुरुवारी ती विचारणार होती. घरात माझा जीव लागेना म्हणून मी बाजार बघायला एकटीच निघाले. पालकाचं सारण भरलेले माउलटाशे (उकडलेल्या चौकोनी करंज्या) खाल्ले. सारणाला ना मीठ ना मिरची. मी काही बोलले नाही, मालक खूश झाला असेल. परतताना उलट्या दिशेच्या एस-बानमध्ये (उपनगरी गाडीत) बसले. शेवटी एका आजोबांनी हात धरून समोरच्या फलाटावर नेऊन सोडलं.

घरी आले तर योआना जिन्यात बसलेली. साहेबांना तिच्या प्रश्नाचंच नवल वाटलं होतं. म्हणाले, "तुमच्या परवान्याचे कागद मी मागच्याच महिन्यात मागवले. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?" सांगतानाच ती हसत होती आणि रडत होती. मी शिरा केला. मग तिने माझ्यासमोरच आईला फोन लावला. मला भाषा कळत नव्हती, पण फोन फारच लवकर संपला.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, रिकाम्या बरण्या परत पाठव. मिरच्यांचा मोसम आलाय."

तोवर मी मोठ्या शहाणपणाच्या तोऱ्यात होते. एकदम त्या रंगवलेल्या खोलीची आठवण झाली आणि शिऱ्याची वाटी मी खाली ठेवली. मला पोरीसाठी खूप आनंद झाला होता आणि तिच्या आईसाठी तितकंच वाईट वाटत होतं.

महिनाभराने निघाले. विमानतळावर सामान देऊन झाल्यावर निखिल म्हणाला, "आई, कंपनी मला कायम करतेय." मी म्हणाले, "जॅकेटची चेन लाव, वारा आहे."

परदेशी गेलेली पोरं पुढे जातात, आणि जावीतच. मागे राहिलेल्यांनी ते कौतुक कोणत्या तोंडाने करायचं, ते मात्र मला अजून जमत नाही. सांगलीला ह्यांनी बॅग उघडली. वर चॉकलेटं होती आणि खाली चटणीचे डबे, धुऊनपुसून ठेवलेले. "रिकामे डबे कशाला वाहून आणलेस?" हे म्हणाले.

मी कढई चढवली आणि शेंगदाणे भाजायला घेतले.