गाडीत वाजलं पाहिजे

"गाडीत वाजलं पाहिजे!" दार उघडलं की आधी हे वाक्य आत यायचं. मागून आमचे इंग्लिश शेजारी, किल्लीसाठी हात पुढे करून.

इथे अमेरिकेत, हर्नडनला, आमच्या शेजारच्या घरात ते एकटे राहायचे. बायकोसाठी इकडे आले, ती वारली, हे राहिले. आयुष्यभर नाचाची इलेक्ट्रॉनिक गाणी बनवली, पण इथल्या उजव्या बाजूच्या ड्रायव्हिंगशी कधी जमलं नाही, त्यामुळे गाडी नव्हती. नवं गाणं झालं की घरचे महागडे स्पीकर सोडून ते आमच्या मिनिव्हॅनमध्ये बसून ऐकायचे. "लोक काय स्टुडिओत बसून ऐकतात, काकू?" माझ्या मुलीच्या मैत्रिणी मला काकू म्हणतात, म्हणून साठी उलटलेले हे गृहस्थही काकूच म्हणायचे. घ्या!

पोरं त्यांना डीजे काका म्हणायची, त्याचा मात्र राग. "डीजे दुसऱ्यांची गाणी वाजवतो. मी बनवतो." इथल्या मराठी मंडळाने गणपतीत गाणी लावायला बोलावलं तेव्हाही हेच ऐकवलं, आणि मोदक संपेपर्यंत हलले नाहीत.

एकदा गाडीत त्यांनी स्वतःचं जुनं गाणं लावलं आणि मी उडालेच. पुण्यात पहिल्या नोकरीत, ऑफिसच्या पार्टीत, नाचाच्या नावाने शंख असूनही मी यावर नाचले होते! "अहो, हे तुमचं?" ते चक्क लाजले. इंग्लंडमधल्या एका बंद गिरणीत, उसन्या मशीनवर केलेलं गाणं पुण्यापर्यंत पोचलं होतं, आणि ते करणारा माणूस माझ्या शेजारी सीटबेल्ट लावून बसला होता. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू!

मग त्यांचे कान दगा देऊ लागले. झांजेसारखे बारीक, टोकदार आवाज ऐकू येईनात. नवं गाणं अर्धवट होतं. रेकॉर्ड कंपनीने कळवलं, फायनल मिक्स, म्हणजे सगळे आवाज कमीजास्त करून जुळवायचं शेवटचं काम, आमचा तरुण इंजिनिअर करेल.

"शेवटचं गाणं, आणि दुसऱ्याच्या हातचं?" एवढंच बोलले आणि चहा तसाच टाकून गेले.

मी सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढणं हाच माझा धंदा, घरचे वैतागतात. दुसऱ्या दिवशी वही घेऊन मीच त्यांना गाडीत बसवलं. संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण कानाला टोचलं की कळतं. "दोन मिनिटं चौदा सेकंद. टोचतंय. गंभीर चूक." ते घरी जाऊन दुरुस्त करायचे आणि पेनड्राइव्ह घेऊन परत हजर. "आता?" "अजून आहे." एकदा दया येऊन मी "चालेल" म्हटलं, तर रोखून बघत म्हणाले, "ऑफिसात असंच पास करता, काकू?" मला लाज वाटली. मुकाट्याने वही उघडली.

तीन आठवड्यांनी एक दिवस वहीत लिहायला काही उरलं नाही. त्यांनी गाणं पाठवून दिलं.

आता ते इंग्लंडला बहिणीकडे असतात. शेजारी नवं कुटुंब आलंय, चांगलं आहे. पण मला आठवतो तो कंपनीचा फोन. तो आला तेव्हा ते आमच्याच किचनमध्ये होते. पलीकडचं ऐकू येईना, म्हणून फोन माझ्या हातात दिला. कंपनीतल्या बाई म्हणाल्या, हेच फायनल, काहीही बदलायचं नाही. पण मिक्स केलं कुणी?

मी ओरडून सांगितलं, "पास झालं! कुणी केलं, विचारतायत!"

त्यांनी माझ्या हातून फोन घेतला. "मी," ते म्हणाले. "मी केलंय." पुढचं ऐकू येणार नव्हतंच. त्यांनी फोन बंद केला.