पिक्चर ट्यूब कोणी उडवली

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. आईला नाही, ताईला तर नाहीच. आज तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या ताईला ओळखत नाही — म्हणजे इथेही भित्रेपणाच.

मनीषनगरच्या माझ्या घरात भिंतीवर मोठा टीव्ही आहे. त्याला मी एक छोटा डबा जोडलाय. त्यात इम्युलेटर आहे, म्हणजे जुन्या व्हिडिओ गेमचं मशीन नसलं तरी त्याची हुबेहूब नक्कल करणारं सॉफ्टवेअर. लहानपणीचे सगळे खेळ त्यात भरलेत. शिवाय त्यात एक सोय आहे, जिचा मला आता संताप येतो. स्वच्छ, सपाट पडदा मुद्दाम जुना करता येतो. बारीक आडव्या रेघा, कोपऱ्यांना गोलाई, रंग जरा पसरलेले. अगदी पिक्चर ट्यूबवाल्या टीव्हीसारखं. ते सेटिंग मी तासभर बसून जुळवलं आणि मित्रांना फोटो पाठवले. 'वा, काय ते बालपण!' असे निरोप आले. कसलं डोंबलाचं बालपण? ज्याने घरातली खरी पिक्चर ट्यूब — थांबा. नीट सांगतो.

तेव्हा आम्ही धरमपेठेत दोन खोल्यांत राहायचो. बाबा कारकून. ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. नववीत वर्गात पहिली आली म्हणून मामाने तिला व्हिडिओ गेम आणून दिला. तिला — मला नाही. कॅसेटमध्ये फुंकर मारायची, खाचेत दाबायची, की रणगाड्यांचा खेळ सुरू. दोघांनी मिळून खेळायचा. माझे सगळे रणगाडे फुटले की ताई आपल्या शिलकीतला एक मला द्यायची, न मागता. हे लक्षात ठेवा.

व्हिडिओ गेमने पिक्चर ट्यूब उडते, हे तेव्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं. सिद्ध कोणी केलं होतं? कोणीच नाही. पण शेजारच्या काकू सांगायच्या, बाबांच्या ऑफिसातले सांगायचे. म्हणून ताईला रोज अर्धाच तास मिळायचा, आणि बाबा मधूनच टीव्हीच्या पाठीला हात लावून तो किती तापलाय ते बघायचे.

मे महिन्यातली दुपार होती. आई गच्चीवर पापड वाळत घालत होती, ताई मैत्रिणीकडे. फुटक्या स्पीकरमधून काढलेलं एक जाडजूड लोहचुंबक माझ्याकडे होतं. ते मी चालू टीव्हीच्या काचेला लावलं. रंग त्याच्याकडे धावले. हिरवा, जांभळा. चुंबक काढलं तर थोडा डाग राहिला. मग मी थांबलो का? नाही. मजा वाटली म्हणून आणखी अर्धा तास फिरवत बसलो. डाग ताटाएवढा झाला आणि काही केल्या जाईना.

संध्याकाळी बाबांनी मेकॅनिक आणला. बातम्या देणाऱ्या बाईचा अर्धा चेहरा हिरवा होता. त्याने टीव्ही उघडलासुद्धा नाही. 'ट्यूब गेली,' म्हणाला. 'घरी व्हिडिओ गेम खेळते काय कोणी?'

सगळ्यांनी ताईकडे पाहिलं. मी गप्प बसलो असतो तरी माझं भागलं असतं. पण मी बोललो. म्हणालो, 'ताई रोज दोन-दोन तास खेळते, बाबा ऑफिसात असले की. मी नको म्हणतो तिले.'

अकरा वर्षांचा होतो. पोर होता, सोडून द्या, असं म्हणू नका. खोटं कशाला म्हणतात ते अकराव्या वर्षी चांगलं कळतं. ताई कधीमधी दहा मिनिटं चोरून जास्त खेळायची, हे फक्त मला माहीत होतं. त्या दहा मिनिटांमुळे तिला ठामपणे नाही म्हणता येणार नाही, हेही मला माहीत होतं. बाबांनी तिला मारलं. आयुष्यात एकदाच, पण मेकॅनिकसमोर. ती माझ्यावर रागावलीसुद्धा नाही हो! तिला खरंच वाटलं की ट्यूब तिनेच उडवली. दुसऱ्या दिवशी कबाडीवाल्याच्या हातात तिने स्वतः तो गेम दिला.

मग घरात चेष्टा सुरू झाली. मिक्सर असो, इस्त्री असो, 'ताईच्या हाती देऊ नका, ट्यूब उडवेल.' ही चेष्टा पहिल्यांदा कोणी केली असेल? मीच. बारावीनंतर तिला कॉम्प्युटरचा कोर्स करायचा होता, फॉर्मही आणला होता तिने. बाबा म्हणाले, 'मशीनले हात लावशीन अन् बिघडवशीन.' तीन वर्षांनी त्याच कोर्सला मला घातलं. मी आज कॉम्प्युटरवर पोट भरतो. ताईला फोनवरून पैसे पाठवायचे असले तर ती नवऱ्याला हाक मारते.

एवढ्यावर संपलं असतं तर — पण नाही. चार वर्षांपूर्वी बाबा धंतोलीत दवाखान्यात होते. शेवटचेच दिवस. ताई त्यांचे पाय चेपत होती. मध्येच म्हणाली, 'बाबा, तो टीव्ही माझ्यानं गेला न. किती हौसेनं घेतला होता तुम्ही.' बाबा म्हणाले, 'जाऊ दे वं पोरी. मी तं कवाच विसरलो.' मी दोन हातांच्या अंतरावर मोसंबी सोलत उभा होतो. तोंड उघडायला किती वेळ लागतो? मी फोडींवरचा पांढरा पापुद्रा काढत राहिलो. दोन दिवसांनी बाबा गेले. जिने काही केलंच नव्हतं, तिला माफ करून गेले. आणि मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली, तीही मी मारली नाही.

गेल्या रविवारी ताई आली होती. माझ्या मुलीने रणगाड्यांचा खेळ लावला आणि खेळायचा रिमोट तिच्यापुढे धरला. ताई मागे सरकली. 'मले नको देऊ वं, खराब होईन.' मुलगी ऐकेना. शेवटी ताईने घेतला. पहिले दोन रणगाडे फुकट गेले, मग अंगठ्यांना सगळं आठवलं. पंचेचाळीस वर्षांची माझी बहीण पदर खोचून खेळत होती. मुलीचे रणगाडे संपले, तर तिने आपल्यातला एक देऊन टाकला. न मागता.

तेवढ्यात पडदा काळा झाला. कूलरही थांबला, वरचा पंखाही. पण ताईने ते पाहिलंच नाही. रिमोट सोफ्यावर ठेवून तिने दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि माझ्याकडे पाहिलं. 'माझ्यानं झालं काय गा?'

'लाईट गेली, ताई,' मी म्हणालो. 'तुझ्यानं नाही झालं.'

पुढचं वाक्य जिभेवर होतं. तेव्हाही नव्हतं झालं, ताई — एवढंच. ती वाट पाहत असल्यासारखी माझ्याकडे बघत होती. मी उठलो आणि हवा यावी म्हणून गॅलरीचं दार उघडलं.

अर्ध्या तासाने लाईट आली. ताईने रिमोटला पुन्हा हात लावला नाही.