आप्पांची मेल उतरायची कुठे?

कॉम्प्युटर नवा होता तेव्हाचे किस्से कुणी जपून ठेवत नाही, तरी ते राहतात आणि लोणच्यासारखे मुरतात. आमच्या विश्रामबागेतल्या पंपांच्या ऑफिसातले बहुतेक पवार आप्पांचे. आप्पा पलूसचे, फौजेतून रिटायर होऊन आमचं स्टोअर सांभाळायचे. लेक सुनीता लग्न होऊन अमेरिकेला गेली आणि आप्पांनी ई-मेल घेतली.

कॉम्प्युटर एसीच्या खोलीत. चपला बाहेर काढून आत जायचं. मॉडेम खरखर करत लाइन जोडायला लागला की आप्पा डोळे मिटून बसायचे. एकदा मी विचारलं, झोप लागली का?

"गप रं गड्या. समुद्र ओलांडतोय."

त्या गार, अर्धवट अंधाऱ्या खोलीत मलाही ते खरंच वाटायचं.

सुनीताला पहिली मेल ऑफिसातून गेली, म्हणून आप्पांनी सुरुवात केली 'महोदया'! ऑफिसच्या मशीनवर घरगुती कसं लिहायचं, हा त्यांचा प्रश्न. तिकडून घाबरून उत्तर आलं, आप्पा, माझं काही चुकलं का?

मग आप्पांच्या बायकोसाठी, आमच्या काकूंसाठी, घरीही कॉम्प्युटर आला. मेलचा पत्ता एकच. पण तेव्हाचा कारभार असा, की मेल एका मशीनवर उतरली की तिथलीच झाली. दुसऱ्या मशीनला काही मिळायचं नाही. आप्पा सकाळीच ऑफिसात उतरवून घ्यायचे. काकू दिवेलागणीला देवापुढे निरांजन लावून कॉम्प्युटरपुढे बसायच्या, तर पेटी रिकामी. लेकीचं लिहिलेलं एकदा स्वतःच्या डोळ्यांनी वाचावं, एवढंच त्यांना हवं होतं. आप्पा लांबलचक मेलचा फौजी रिपोर्ट द्यायचे, सगळं ठीक आहे. मी म्हटलं, एखादी घरी उतरू द्या की. तर म्हणाले, संध्याकाळपर्यंत धीर कुणाला धरवतो? मला काकूंचं फार वाईट वाटायचं.

खंडेनवमीला ऑफिसात हत्यारांची पूजा. आप्पांनी स्वतः कॉम्प्युटरला झेंडूची माळ घातली आणि बजावलं, आज हत्याराला विश्रांती, बटणाला कुणी हात लावायचा नाही. मग शेतातली अवजारं पुजायला ते एकटेच पलूसला गेले. दसरा तिथेच करून दुसऱ्या दिवशी थेट ऑफिसात आले, मेल लावली, तर काहीच नाही. इतके दिवस पोरगी गप्प कशी? त्यांचा चेहरा उतरला. घाईघाईने घरी फोन लावला. काकूंचा आवाज खोलीभर येत होता. मेल आली होती, नवमीलाच, घरी.

आप्पा चिडले. खंडेनवमीला हत्यार चालवलंस?

"आवं, तुमचं आसंल हत्यार. माझी लेक हाय त्यात."

आप्पांनी हळूच विचारलं, काय लिहिलंय?

"मी सांगणार न्हाई. घरी या अन् वाचा. येताना पेढं आणा."