सतरा नंबरचा बिंदू

आधीच सांगून टाकते, भूतखेत, करणी-बिरणी असल्या भानगडींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. सासूबाईंनी लेकराच्या गळ्यात काळा दोरा बांधला, तेव्हा मी आठ दिवस तोंड वाकडं करून फिरत होते. त्यामुळे पुढचं वाचून हसायचं असेल तर खुशाल हसा... मीही हसले असते.

आम्ही आदिलाबाद जिल्ह्यात, तामसी मंडलातल्या, म्हणजे तालुक्यातल्या, एका गावात राहतो. घरची शेती — कापूस आणि सोयाबीन. लग्नानंतर माझं शिक्षण अडकलं होतं, ते मी हट्टाने पुन्हा सुरू केलं. ऑनलाइन एमएस्सी, विषय जीआयएस. म्हणजे उपग्रहाचे फोटो आणि त्यावरून केलेले नकाशे. माझी लेक आरोही तेव्हा दहा महिन्यांची होती. तिला मांडीवर थोपटत मी लेक्चर ऐकायचे.

शेवटच्या सत्रात प्रोजेक्ट होता. उपग्रहाच्या फोटोवरून आपल्या गावाचा नकाशा करायचा — कुठे पीक, कुठे झाड, कुठे पडीक. मग तो बरोबर आहे का, हे तपासायचं. त्यासाठी सॉफ्टवेअर गावाच्या शिवारात तीस बिंदू टाकतं, कुठेही, चिठ्ठ्या उचलल्यासारखे. प्रत्येक बिंदूवर आपण स्वतः जायचं आणि चार दिशांना चार फोटो काढायचे. फोटोत माणूस, जनावर, सामान काही दिसता कामा नये, ही सरांची सक्त ताकीद.

मी बिंदू टाकले. सतरा नंबरचा आमच्याच शेतात पडला, बांधावरच्या कडुनिंबावर. म्हटलं बरं झालं, एक खेप वाचली. पण दोन बिंदू तलावात पडले होते, म्हणून सगळे पुसून पुन्हा टाकले. एकोणतीस बिंदू हलले. सतरावा तिथेच. तिसऱ्यांदा टाकले, तरी तिथेच. अक्षांश-रेखांश बघितले, तर दशांशानंतरचे सहाही आकडे तेच.

माझ्या वर्गातला निखिल पुण्याचा आहे, या कामात माझ्याहून हुशार. तो म्हणाला, सॉफ्टवेअर जुनीच यादी वापरत असेल. पण मग सगळेच बिंदू तिथेच राहायला हवे होते ना? शेवटी मी त्याला फक्त गावाची हद्द पाठवली, बिंदू नाहीत. त्याने त्याच्या लॅपटॉपवर नव्याने टाकले आणि अर्ध्या तासात स्वतःहून फोन केला.

"ताई, माझ्याकडेही सतरावा तिथेच आलाय. काय आहे तिथे?"

काय आहे तिथे... कापूस वेचणीचे दिवस होते. सासूबाई आरोहीला सोबत शेतात न्यायच्या, लुगड्याची झोळी बांधून तिला निजवायच्या आणि आसपासच वेचत राहायच्या. आमच्याकडे सगळ्यांची लेकरं अशीच वाढली, माझ्या नवऱ्यासकट. ती झोळी त्याच कडुनिंबाला बांधलेली असायची.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, कॉम्प्युटर दुरुस्तीला टाक. कशाची भीती वाटतेय ते मलाही सांगता येईना. वेडी ठरायला नको म्हणून गप्प बसले. मग मनाशी म्हटलं, आधी त्या बिंदूचे फोटो काढून मोकळी होते. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास निघाले. निघाले होते चालत, पळायला कधी लागले ते कळलं नाही.

झोळी झाडालाच होती. मी सोडायला लागले तशा सासूबाई वैतागल्या.

"आत्ता तं झोपली ते. काऊन उठवून राह्यली लेकराले?"

"आत्याबाई, सरांचा नियम हाय. फोटोत सामान नाई पायजे."

"तुया सरले म्हणा, लेकरू का चावते का फोटूले?"

मी ऐकलं नाही. झोळी सोडली, रडणाऱ्या आरोहीला घेऊन ओळींमधून त्यांच्याकडे निघाले. वीस पावलं असतील. तिला त्यांच्या हातात दिलं आणि मागे कर्रकन आवाज झाला. वारा अजिबात नव्हता. अख्खा कडुनिंब बुडापासून आडवा झाला होता. सासूबाई नुसते लेकराचे पाय चाचपत राहिल्या. मी मात्र मोठ्याने रडले.

खोड आतून पोकळ निघालं. लोक म्हणाले वाळवी होती, कधीतरी पडणारच होतं. ते मलाही पटतं. झाडाचं नाही हो... बिंदूचं काय? त्या संध्याकाळी मी पुन्हा बिंदू टाकले. सतरावा पार दुसऱ्या टोकाला गेला. त्यानंतर दहा-बारा वेळा टाकले, निखिलनेही टाकले, तिथे एकदाही आला नाही. सर म्हणाले योगायोग. असेल. पण खरं सांगते, बिंदू टाकायचं बटण दाबल्यावर अजूनही मी आधी सतरावाच शोधते.

प्रोजेक्टमध्ये मी कडुनिंबावर सतरावा असलेली जुनीच यादी ठेवली. माझ्या नकाशावर त्या जागी झाड, आणि पडलेलं खोड हलवल्यावर काढलेल्या फोटोंत नुसतं आभाळ. म्हणजे नियमाप्रमाणे माझा नकाशा तिथे चुकला. सर म्हणाले, तो बिंदू काढून टाका, मार्क वाढतील. मी म्हटलं, राहू द्या सर, ती चूक माझीच आहे.

त्यांनी मार्क कापले. कापू देत.